पावलांचा रकाना

कागद हातात आला की आप्पा तो लगेच वाचत नसत. आधी त्याचा कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळत, कापड पारखावं तसा. मग विचारत, "मी नसल्यावर हे चालंल का?" छत्री घेताना हा प्रश्न असे, दुकानाचं शटर बदलताना असे. डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी लिहून दिली तेव्हाही त्यांनी तोच विचारला होता. डॉक्टर हसले, हे आप्पांनीच मला सांगितलं. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मात्र त्यांना समजलेलं दिसलं नाही.

अहमदपूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. असे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील: गादीवर बैठक, मांडीशी लोखंडी मीटर, गिऱ्हाईकानं घासाघीस केली की मीटर हळूच गादीवर आडवा. मी तेव्हा लातूरच्या एका दैनिकाची वेब आवृत्ती सांभाळत होतो. एका दुपारी ते एसटीनं आले, पिशवीतून दोन जाड वह्या काढल्या आणि म्हणाले की यांची वेबसाईट करायची आहे. ती कशावर बांधावी आणि कुठं ठेवावी, ते सांगा. मी बातमीदार नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. शेवटपर्यंत ते मला बातमीदारच म्हणत राहिले.

वह्यांत त्यांच्या गावच्या लिंगायत दफनभूमीतल्या जागा होत्या. ज्यांना जमतं ते ओटा बांधतात. बाकीच्या जागा दोन-तीन पावसाळ्यांत जमिनीला मिळतात आणि पुढं घरच्यांनाही सापडत नाहीत. आप्पा तरुणपणापासून प्रत्येक अंत्ययात्रेला जात, सगळे परतले की मागं थांबत आणि जागेची खूण लिहून ठेवत. 'फाटकातून सरळ त्रेचाळीस पावलं, उजवीकडं अकरा.' नाव, तिथी, पावलं. बाकी काही नाही.

मी त्यांना तीन वाटा सांगितल्या. पहिली, तयार साचे देणारी सेवा: चित्रं सरकवा, मजकूर भरा, ठेवायला जागाही तेच फुकट देतात. दुसरी, आत शिरून रोज बदल करता येणारी मोठी व्यवस्था. ती वेळोवेळी अद्ययावत करावी लागते, नाहीतर कुणीतरी घुसतं. तिसरी, हातानं लिहिलेली साधी पानं, कुठल्याही भाड्याच्या सर्व्हरवर ठेवता येणारी.

आप्पांनी पहिल्या वाटेबद्दल एकच प्रश्न विचारला. "दुकान सोडताना कपाटं नेता येतात का?"

नाही, मी म्हणालो. मजकूर उतरवून घेता येईल, मांडणी तिथंच राहील.

तरीही दफनभूमीच्या समितीतल्या लोकांना फुकटची वाट आवडली आणि पहिली साईट तशीच झाली. महिनाभर ठीक चाललं. मग एका गृहस्थानं आप्पांना दुकानात येऊन मोबाईल दाखवला. त्याच्या वडिलांच्या नावाखाली 'सुयोग्य स्थळं पाहा' अशी जाहिरात झळकत होती. आप्पांनी ती नीट वाचली आणि त्याला म्हणाले, "तुमच्या बापाचं वय बघितलं न्हाई त्यांनी." गृहस्थ हसला. दुसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा लातूरला हजर होते.

मग आम्ही तिसरी वाट धरली. एकच पान, एक तक्ता, काळी अक्षरं. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, समितीच्या नावावर घेतलं. स्वतःच्या नावावर घ्यायला आप्पांनी साफ नकार दिला. पासवर्ड पाकिटात घालून समितीच्या कपाटात ठेवला. ही फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन उद्या दुसरीकडं नेली तरी जशीच्या तशी उघडेल, हे मी त्यांना दुसऱ्या संगणकावर करून दाखवलं. त्यांनी पेन ड्राइव्हसुद्धा बोटांत धरून चोळला.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मी विचारलं नव्हतं. एकदा दफनभूमीत फिरताना त्यांनी आपणहून सांगितलं. ते सहा वर्षांचे असताना आई गेली. जागा वडिलांना ठाऊक होती, पण त्यांनी कुठं लिहिली नाही आणि तेही गेले.

"आई हितंच हाय. कुठं, ते ठाऊक न्हाई," फाटकातून समोर दिसणाऱ्या कडुलिंबाकडं बघत ते म्हणाले. "वर्षाला लिंबाखाली फूल ठिवतो. कुणाच्या तरी जवळ पडतच असंल."

साईट सुरू होऊन वर्ष होत आलं तेव्हा पुण्याच्या एका बाईंचा मेल आला. वडील गेले तेव्हा त्या परदेशात होत्या. सुट्टीत गावी आल्या, मोबाईलवर तक्ता उघडून पावलं मोजली आणि जागेवर बेलाची पानं ठेवून अर्धा तास बसल्या. उठल्या तेव्हा मागं एक कुटुंब उभं होतं. ती जागा त्या कुटुंबातल्या आजोबांची होती. मेलमध्ये तक्रार नव्हती. शेवटी एवढंच होतं: 'ज्यांच्याजवळ मी बसले त्यांचं नाव कळवा. पुढच्या वेळी त्यांच्यासाठीही पान आणेन.'

मी मेल छापून अहमदपूरला नेला. आप्पांनी या वेळी कोपरा चोळला नाही. वाचला, घडी घातली, दुकान मुलाच्या हवाली केलं आणि मला घेऊन दफनभूमीत गेले. वहीच्या पहिल्या पानावर फाटकापासून लिंबापर्यंतचं अंतर होतं: चौऱ्याऐंशी पावलं. आप्पा मोजत चालले. मी मागून मोजत होतो. लिंबाला हात लागला तेव्हा एकशे सात झाली होती.

ते तिथंच खाली बसले.

"गुडघे खोटं बोलत गेले, बातमीदार. अन् मी लिवून घेत राहिलो."

जुन्या नोंदींची पावलं लांब होती, नव्यांची आखूड. प्रत्येक वर्षाचं माप वेगळं. मी विचारलं, आयुष्यभर मीटरनं कापड मोजलं, मग इथं पावलं का? ते म्हणाले, ज्यानं धंदा करतो ते माप इथं आणणं बरं वाटलं नाही.

पुढच्या सोमवारी दुकान बंद असताना ते मीटर घेऊन आले. उपरण्यात गुंडाळून आणला होता. नंतर कितीतरी सोमवार मुलगा आणि ते जागा मोजत होते. ज्या जागांबद्दल शंका होती तिथं घरच्यांना बोलावून विचारलं. जिथं कुणीच सांगू शकलं नाही तिथं त्यांनी 'नक्की नाही' असं लिहायला लावलं. पुण्याच्या बाईंना त्या आजोबांचं नाव आणि वडिलांची खरी जागा कळवली. मी तक्त्यात मीटरचा नवा रकाना केला आणि पावलांचा काढून टाकू का, असं विचारलं.

"न्हाई. राहू द्या," ते म्हणाले. "फकस्त वर लिवा, पावलं माझी हायती म्हणून."

ती ओळ आजही पानाच्या माथ्यावर आहे. 'यातली पावलं दुकानदाराची आहेत. म्हातारपणी आखूड झाली. मीटर धरा.'

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. लोक परतल्यावर मुलगा मागं थांबला होता, उपरण्यात गुंडाळलेला मीटर घेऊन. आम्ही दोघांनी मोजलं. लिंबापासून सहा मीटर, डावीकडं चार. संध्याकाळी दुकानात बसून मी फाईल उघडली. नाव लिहिलं, तिथी लिहिली, मीटर लिहिले. जतन करून मोबाईलवर पाहिलं, पान उघडलं.

पुढच्या चौकोनात काय भरायचं, मुलानं विचारलं. तो पावलांचा रकाना होता. तो आम्ही रिकामा ठेवला.