नानाशास्त्रींचं अर्धं भाषण

नानाशास्त्रींना कुणाशी सरळ भांडता येत नसे. भांडणाआधी ते समोरच्याची वकिली करत. एकदा दूधवाल्या रामजनमला त्यांनी दारातच धरलं. "भैंस सूख रही है, भूसा महँगा हो गया है, ऊपर से घाट की सीढ़ियाँ चढ़के आते हो। यही कहोगे न?" रामजनम खूश होऊन म्हणाला, "एकदम यही, पंडितजी." नाना म्हणाले, "तो इसमें गंगाजी का क्या दोष, जो रोज़ उन्हें दूध में मिला देते हो?" रामजनमला पळायला वाट नव्हती, कारण त्याची सगळी कारणं नानांनी आधीच वापरून टाकली होती. पुढे आठवडाभर दूध दाट आलं.

नाना न्यायशास्त्राचे, म्हणजे तर्कविद्येचे, पंडित. काशीत, मराठी वस्तीच्या ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत त्यांनी उभा जन्म शिकवण्यात घालवला. त्यांच्या विद्येचा नियम असा, की समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही मांडायचं. तेही असं, की तो स्वतः म्हणेल, "हो, मला हेच म्हणायचं होतं." हा पूर्वपक्ष. मग तुमचं उत्तर. गल्लीतली पोरं त्यांना दुबाजू नाना म्हणत. नानांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. "एकबाजू म्हणाले असते तर राग आला असता," असं म्हणत.

मी त्याच गल्लीतली, पत्रकं काढते. दवाखाने, रेशन, नाल्या, जे सडलंय त्यावर. माझं प्रत्येक पत्रक नाना चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि म्हणत, "झकास. आता त्यांचं म्हणणं कुठंय?" मी म्हणायची, "नाना, त्यांचं म्हणणं चौकाचौकात पोस्टरवर आहे, फोटोसकट!" त्यावर ते हसत आणि शुद्धलेखनाच्या चुका काढून कागद परत देत.

मग करोनाची दुसरी लाट आली. आमच्या गल्लीतले बंडूदादा शाळेत मास्तर होते, नानांचे लहानपणचे विद्यार्थी. शहरात माणसं पटापट मरत होती, आणि त्यांना खेड्यातल्या पंचायत निवडणुकीच्या ड्यूटीवर धाडलं. नकार दिला तर नोकरीवर गदा येईल असं बजावून. परत आले ते ताप घेऊन. शैलावहिनी त्यांना ऑटोत घालून दवाखान्यादवाखान्यांतून फिरल्या. कुठं बेड नाही, कुठं ऑक्सिजन नाही, कुठं फाटकच उघडेना. एका फाटकाबाहेर ऑटोतच दादा गेले. घाटावर लाकडांसाठीही रांग होती. आणि लाट ओसरताच आमच्या वॉर्डाचे पुढारी, ज्यांना सगळे भइयाजी म्हणतात, छातीवर हात ठेवून सांगत सुटले, "अपने वॉर्ड में ऑक्सीजन बिना कोई नहीं गया।" वहिनींच्या दारासमोरून जातानासुद्धा हेच. मला अजून किळस येते.

वहिनींचं मागणं एकच होतं. दादा कसे गेले ते कुणीतरी चारचौघांत खरं बोलावं. माझ्या पत्रकावर त्यांचा भरवसा नव्हता. "तुझं काय, तू रोजच ओरडतेस. नाना बोलले तर लोक ऐकतील," असं त्या तोंडावर म्हणाल्या.

संधी भइयाजींनीच दिली. धर्मशाळेच्या हॉलमध्ये महामारीतल्या सरकारी कामावर खुली चर्चा ठेवली. चर्चा कसली, हारतुऱ्यांची सोय होती. विरोधी बाजूनं बोलायला नानांना बोलावलं, म्हातारा पंडित काय बोलणार अशा हिशेबानं. वहिनींची सासू आजारी, म्हणून त्या येऊ शकल्या नाहीत.

नाना उभे राहिले आणि त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे पूर्वपक्ष मांडला. अशी साथ शंभर वर्षांत एकदा येते. मोठमोठे देश गुडघ्यावर आले. आपली लोकसंख्या एवढी, डॉक्टर स्वतः मरत होते, अधिकारी घरी जात नव्हते. लस फुकट दिली, धान्य फुकट दिलं. याहून कुठलं सरकार काय करणार होतं? सरकारच्या पगारी माणसांनाही इतकं सुरेख मांडता आलं नसतं. मी मागे पत्रकांचे गठ्ठे घेऊन दातओठ खात उभी. नानांनी भइयाजींकडे वळून विचारलं, "यही कहना है न आपका? कुछ छूटा तो नहीं?" भइयाजी गद्गद झाले. "इससे अच्छा तो हम भी नहीं कह सकते, शास्त्रीजी!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

नाना पाणी प्यायले आणि म्हणाले, "अब उत्तर सुनिए। महामारी बिनबुलाए आई, मान लिया। चुनाव की तारीख किसने डाली थी?" मग एकेक मुद्दा त्यांनी कांद्यासारखा सोलला. पहिल्या लाटेनंतर जे महिने हाती होते त्यांत काय केलं? जे डॉक्टर मरत होते त्यांना काय दिलं होतं? आणि शेवटी बंडूदादांचं नाव घेऊन, ड्यूटीपासून फाटकापर्यंत सगळं. मला रडू आवरेना.

पण भइयाजींच्या पोरांनी चित्रण टाळ्यांपाशीच थांबवलं होतं. आम्ही घरी पोचायच्या आत ते शहरभर फिरलं. वर मथळा, 'काशी के प्रकांड विद्वान ने विपक्ष की बोलती बंद की'. पुढचं चित्रण आमच्याकडे नव्हतं. आमचे हात पत्रकांत अडकलेले, आणि या जमान्यात कुणी भर सभेत असा उघड दरोडा घालेल हे नानांच्या तर्कात बसत नव्हतं. त्यांच्या सगळ्या विद्येत पूर्वपक्ष ऐकून सभेतून उठून जाणारा माणूसच नव्हता.

वहिनींना ते चित्रण सासरच्या ग्रुपवर मिळालं. मला गल्लीत गाठून म्हणाल्या, "नानांना सांग, माझ्या दारात पाय ठेवू नका. माझ्या माणसाला त्यांनी अक्षरं शिकवली होती ना!"

मी नानांवर ओरडले. "तीस सेकंद बोला! सरकारनं बंडूदादाला मारलं, एवढंच. मी आत्ता टाकते."

"समोरच्याचं न ऐकता दिलेलं ते उत्तर नव्हे, पोरी. ते ओरडणं."

"मग ओरडा ना!"

ते ओरडले नाहीत. वर भइयाजी शाल घेऊन त्यांच्याकडे आले. नानांनी शालीला हात न लावता विचारलं, "उत्तर क्यों काटा?" भइयाजी जराही ओशाळले नाहीत. "लंबा हो रहा था, शास्त्रीजी। आजकल इतना कौन सुनता है।" शाल खुर्चीवर ठेवून गेले. नानांनी ती बाहेरच्या कुत्रीला, तिच्या पिल्लांखाली घातली. भइयाजींचं कारण मात्र त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्ली भाजीवाल्यांनी भरलेली असताना, ते वहिनींच्या बंद दारापुढे उभे राहिले. "शैला, तुला अर्धं दाखवलंय. उरलेलं सांगायला आलोय. दार उघडू नकोस, नुसतं ऐक." आणि भर गल्लीत त्यांनी सगळं उत्तर पुन्हा सांगितलं, मराठीत. गाईसुद्धा अडून राहिल्या, कारण वाट सोडायला कुणी तयार नव्हतं. मध्येच दार उघडलं. वहिनी म्हणाल्या, "चुकताय नाना. ताप घरी आल्यावर नाही आला. तिथंच आला होता, तरी सोडलं नाही त्यांना." नानांनी मान लववली. "मग पुन्हा सांगतो." आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. पुढे कितीतरी संध्याकाळी दोघं त्या पायरीवर बसून हेच बोलत. वहिनी भइयाजींची बाजू मांडायच्या, नाना उत्तर द्यायचे. मग उलट. मला ते वेडेपणाचं वाटे.

गेल्या थंडीत नाना गेले, म्हातारपणानं, घरी, झोपेत. शोकसभा कुणी घ्यावी? भइयाजींनी. त्याच हॉलमध्ये. मोठ्या पडद्यावर नानांचं ते चित्रण लावलं, टाळ्यांपर्यंत, आणि डोळे पुसले.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून शैलावहिनी उठल्या. "आगे का चलाइए।"

"इतना ही है, भाभीजी."

"इतना नहीं है. मैंने सुना है." आणि आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत त्या बोलू लागल्या. भइयाजींची सगळी कारणं आधी, एकही न गाळता. "यही न, भइयाजी?" भइयाजींची मान सवयीनं हलली. "तो मेरे पति को बुखार में ड्यूटी पर किसने रोके रखा?" मग सगळं. माइकवाल्याला खूण झाली, माइक बंद पडला. वहिनींकडे मुळात माइक नव्हताच. त्या थांबल्या नाहीत. कुणीतरी "बैठ जाइए" म्हणालं. पाठशाळेतले दोन म्हातारे पंडित एकदम त्याच्यावर खेकसले, "उत्तर पूरा होने दो!"

उत्तर पुरं झालं. वहिनी म्हणाल्या, "अब आप कहिए।" आणि ऐकायला खाली बसल्या.

भइयाजींनी हॉलकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "बाहर चाय लग गई है। सब लोग चाय पी लीजिए।"

बरेच जण उठले. मीही अर्धी उठले होते. वहिनी पदर सावरून, तोंड भइयाजींकडे करून, तशाच बसून राहिल्या.