काकांसारखे वाजवणारे तेवीस जण

मुलाच्या हळदीला वाजवायला बेंजो पार्टी ठरवली ती मीच. आमच्या शहापूरकडे हल्ली बेंजोशिवाय पोरं नाचत नाहीत. माझ्या स्वतःच्या हळदीत धसईच्या बँडमधले काका सॅक्सोफोन वाजवायला होते. तेव्हापासून माझ्या लेखी सॅक्सोफोन म्हणजे तेच.

पत्रिका द्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मग, किती वाजता उभा राहू?"

"काका, तुमी नुसते जेवायला या. या वयात दम कशाला काढायचा?"

मी त्यांची काळजी घेतोय, असं मला खरंच वाटत होतं. "बरं, जेवतो," ते म्हणाले.

हळदीला ते दुसऱ्या रांगेत बसले. सॅक्सोफोनची पेटी मांडीवर होती. मी ती पाहिली आणि पंगतीकडे वळलो.

महिन्याभराने धसईला गेलो तर त्यांचे पुढचे चार दात नव्हते. काकी म्हणाल्या, "डॉक्टर दोन वर्सं मागं लागला होता. हे ऐकतच नव्हते. म्हनायचे, त्याच्या पोराची हळद वाजवतो, मग काढा. दातांशिवाय तोंडात नळी धरता येत नाय ना."

"कवळी?"

"हलते," काका म्हणाले. "सूर फाटतो."

त्यांचं वाजवणं माझ्याकडे कुठेच रेकॉर्ड केलेलं नाही. हळदीचं शूटिंग तीन तास चाळीस मिनिटांचं आहे. त्यात काका अकरा सेकंद दिसतात, पेटीसकट.

सुनेला मी काकांचा सूर कसा असायचा ते सांगत बसलो. तिने मोबाइलवर एक परदेशी वादक लावला. "बाबा, असं का? हे जॅझ." श्वास संपत आला की त्याचा सूर किंचित थरथरायचा, काकांचा थरथरायचा तसाच. खाली त्याच्यासारख्या इतरांची यादी होती. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असे दोन महिन्यांत तेवीस जण ऐकले. वहीत प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. सर्वांत जास्त साडेसात. पहिल्याला सहाच.

गेल्या रविवारी वही आणि मोबाइल घेऊन धसई गाठली. साडेसातवाला लावला. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"दमाचा हाय. याचे दात शाबूत असनार रे," म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही. मग त्यांनी वही ओढून घेतली. "हे आकडे कसले?"

"तुमच्याशी किती जुळतो त्याचे."

त्यांनी बोट फिरवत पान संपवलं. "दहा कोनालाच नाय?"

"दहा म्हणजे तुमी, काका."

वही मिटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग मला वाजवू का नाय दिलंस?"

वय, दम, पोरांची हौस, सगळी कारणं माझ्या तोंडाशी आली. एकही सांगण्यासारखं नव्हतं.

"चुकलं, काका."

"हां, चुकलंच," ते म्हणाले. थोड्या वेळाने मोबाइल माझ्याकडे सरकवला. "दुसरा लाव."