अमेरिकेच्या पेपरासाठी कबनूरला

जळगाव सोडून मी कोल्हापूरला आले ती अमेरिकेसाठी. हसू नका. एम.ए.ला 'अमेरिकेचं सरकार आणि राजकारण' हा पेपर इथल्या एका कॉलेजात होता. होता म्हणजे छापलेला होता. सरांनी सांगितलं, पाच जण झालात तर शिकवीन, नाहीतर सगळ्यांनी ग्रामीण प्रशासन घ्या. आम्ही चार झालो. पाचवी सुषमा, शिरोळकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येणारी. ती हो म्हणाली आणि गायबच झाली.

"शनिवारी पाचच्या आत पोरगी माझ्यासमोर उभी पाहिजे," सर म्हणाले. "मागं पोरांनी खोटी नावं दिली होती."

साल दोन हजार, दिवाळी नुकतीच उलटलेली. तिकडे अमेरिकेत अध्यक्ष कोण ते ठरत नव्हतं आणि इकडे माझा पेपर ठरत नव्हता. शनिवारी सकाळी वैतागून मी शिरोळची एसटी पकडली. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे आम्ही. ट्रॅक्टरवाला गाणी ऐकत निवांत चालला होता. दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस, आणि तो बघायची मला अजिबात इच्छा नव्हती.

सुषमाचे वडील अंगणात बसले होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक.

"सुषमा आहे का?"

"न्हाय. उचलली की तिला." गॅसची टाकी उचलून नेल्यासारखं बोलले. "बसा, चा घ्या."

चहा होईपर्यंत सगळं कळलं. सुषमा महिलांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आली होती. सोमवारी सदस्यांनी हात वर करून सरपंच निवडायचा. चार हात एका पॅनेलचे, चार दुसऱ्याचे, नववा हिचा.

"ती म्हणली, आमच्या वस्तीपत्तोर पाण्याची पाईप आणतो असं जो चारचौघांत बोलंल, त्येला माझा हात. मग काय, सत्कार हाय म्हणून बोलावलं आन् घातलं जीपमधी."

याला इकडे 'सहल' म्हणतात. सदस्य फुटू नयेत म्हणून निवडीपर्यंत त्यांना दूर कुठंतरी नेऊन खाऊपिऊ घालायचं. निवडून दिलेली माणसं अशी झाकून ठेवतात आणि गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही.

"कबनूरला हाय, अण्णाच्या मेव्हण्याच्या घरी. मला दारातनंच चा पाजून घालीवलं. तुमी बगा."

मी त्यांना पाचची मुदत सांगितली आणि निघाले.

कबनूरमध्ये कापडाचे यंत्रमाग इतके खडखडतात की माणसं घरातही ओरडूनच बोलतात. अण्णा म्हणजे त्या दोनांपैकी एका पॅनेलचे प्रमुख. वरच्या मजल्यावर ते आपल्या चार सदस्यांबरोबर पत्ते खेळत होते.

"कुठल्या पॅनेलच्या तुमी?" अण्णांनी विचारलं.

"मी कॉलेजची आहे. सुषमाला दोन तास पाठवा."

"आदी जेवा."

"मी मटण खात नाही."

"बरं, मग नुसता पांढरा रस्सा घ्या."

पांढरा रस्सा हा मटणाचाच, हे सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी भात आणि दही खाल्लं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाच विद्यार्थी, पाच वाजता, अमेरिका. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाठवतो की. आमची दोन माणसं जातील संगं. पन ती यीस्तोवर तुमी हितं बसायचं."

म्हणजे मला तारण ठेवणार. आतल्या खोलीतून सुषमा बाहेर आली. "बसशील?" तिनं विचारलं. मला फक्त पेपर दिसत होता. "बसते," मी म्हटलं, आणि जीप गेली.

मग त्या पत्त्यांच्या डावाशेजारी बसून मी अमेरिकेची निवडणूक समजावून सांगितली. तिथंही लोक आधी माणसं निवडतात आणि ती माणसं अध्यक्षाला मत देतात, वगैरे.

"मग ती मतं देनारी मानसं ठेवत्यात कुटं?" अण्णांनी विचारलं.

"आपापल्या घरी."

"आन् फुटत न्हाईत?"

"क्वचित."

"खोटं सांगतायसा," अण्णा म्हणाले आणि पान खेळले.

ऊन उतरलं. अण्णा सारखे गॅलरीत जाऊन रस्ता बघायला लागले. मीही बघत होते. अखेर जीप आली.

"झालं," सुषमा वर येऊन म्हणाली. "सरांनी बगितलं मला. पेपर हाय तुझा."

मी तिला मिठीच मारली. दिवसभराचा वैताग एका क्षणात गेला. ती मोरीत पाय धुवायला गेली, तशी मीही मागे गेले.

"बाबा आलते कॉलेजवर," ती हळू आवाजात म्हणाली. "शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन. अण्णांची मानसं चा प्याला गेलती. बाबा म्हणले, बस मागं, घरला जाऊ."

"मग गेली का नाहीस?"

"तू हितं बसलीयास न्हवं."

"अगं, मला काय करणार होते हे? फार तर एसटीत बसवून दिलं असतं."

"ते तुला म्हाईत," ती म्हणाली. "मला कुटं ठाऊक हुतं?"

अण्णांनी मला आग्रहानं स्टँडवर सोडलं, वर केळी दिली. परतीच्या एसटीत मला सगळ्यांचा राग येत होता, अण्णांचा, सरांचा, त्या केळ्यांचासुद्धा. सोमवारी अण्णांच्या जीपमधून उतरून सुषमानं त्यांच्याच माणसासाठी हात वर केला; वस्तीच्या पाईपचं चारचौघांत कुणीच बोललं नव्हतं. उन्हाळ्यात गावात पाईप आली ती चावडीपर्यंत, पुढे नाही.

पेपर मात्र सुरू झाला. सरांनी पहिलाच तास अमेरिकन मतदाराच्या स्वातंत्र्यावर घेतला. आम्ही पाचही जण हजर होतो आणि सुषमा माझ्या शेजारी बसून भराभर उतरवून घेत होती.

मी अमेरिका शिकून जळगावला परत आले. सुषमाच्या वस्तीतल्या बायका अजून घागरी घेऊन चावडीपाशी जातात.