कापलेलं कडवं

घरात हे कुणाला माहीत नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते भागुजी मागच्या महिन्यात गेले. आता तुम्हाला सांगतो आहे – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जातं, एवढंच.

मी जुन्नरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्य तिथेच गेलं. पुष्कळदा जुनी पुस्तकं देणगीत यायची, मुखपृष्ठ गेलेलं, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली. त्यांचा कर्ता कोण हे शोधायला मी दोन-दोन दिवस घालवायचो. नोंदवहीत 'अज्ञात' लिहायची वेळ आली की मला हरल्यासारखं वाटायचं. हे आधीच सांगून ठेवतो, पुढचं वाचताना तुमच्या ध्यानात असावं म्हणून.

आमचं मूळ गाव तळेघरच्या अलीकडे, भाताचं. भागुजी त्याच गावचे, बौद्धवस्तीतले. गवंडीकाम करायचे, आणि जयंतीला, लग्नाला, कुणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला त्यांची गायन पार्टी असायची. पेटी स्वतः वाजवायचे, गाणी स्वतः रचायचे. या मंडळींची एक रीत आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. छापलेलं पुस्तक नसतं, कागद नसतो, ते नाव हीच सही. गाणं कुणीही गावं, कुठल्याही गावात गावं, पण शेवटचं कडवं गाळायचं नाही. ते गाळलं की गाणं कुणाचंच राहत नाही.

मला ही रीत माहीत होती. पुस्तकातून नव्हे, लहानपणापासून कानावर पडून माहीत होती.

माझी आई गेली तेव्हा तेराव्यानंतर भागुजी भेटायला आले. ओट्याच्या पायरीवर बसले. मी 'आत या' म्हणालो का? खूप आठवून पाहिलं – नाही म्हणालो. चहा बाहेरच आला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मोठ्या आईनं माझ्या आईला भाकरी कधी कमी दिली नाय, सर. माझ्याकं दुसरं काय हाये द्यायला? येक म्हणतो." आणि त्यांनी आपल्या आईवर रचलेलं गाणं माझ्या आईसाठी म्हटलं. पेटी नाही, ढोलकी नाही. गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून. मी ते फोनवर रेकॉर्ड केलं.

चिखलात उभी माय, पाणी गुडघ्याला गं,
वाकली ती सरळ न्हाई झाली सांजेला गं...

असं ते सुरू होतं. भातलावणीत, ज्याला आम्ही आवणी म्हणतो, दिवसभर वाकलेल्या बाईचं गाणं. त्या दिवशी आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडलो. हे खरं आहे. बाकीच्यात जे खोटं आहे ते आता येतं.

वर्षश्राद्धाला मी आईच्या फोटोंचा व्हिडिओ केला आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पाहता यावा म्हणून इंटरनेटवर टाकला. फोटोंमागे भागुजींचा आवाज. शेवटचं कडवं मी कापलं. फोटो संपले होते – असं मी स्वतःला सांगितलं. पुरेसं होतं ते कारण, नाही का? आईचे फोटो होतेच किती? खरं कारण वेगळं होतं. ते मी अजून लिहायचं टाळतो आहे, पण टाळून संपणार नाही.

व्हिडिओ आमच्या नातेवाइकांत राहिला नाही. लोकांनी तो आवाज उचलला आणि आपापल्या आयांच्या फोटोंमागे लावला. नगरकडचे, सोलापूरकडचे, कुठकुठचे लोक. 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं खाली लिहिलेलं आणि मागे तेच गाणं. अनोळखी माणसांच्या आयांमागे भागुजींच्या आईचा चिखल.

मग पुण्याच्या एका म्युझिक कंपनीतून फोन आला. बाई अदबीनं बोलत होत्या. एका नावाजलेल्या गायिकेकडून गाणं नव्यानं गाऊन घ्यायचं होतं. त्यांनी विचारलं, "सर, गीतकार-संगीतकार कोण आहेत? त्यांची सही लागेल. गाणं जितकं ऐकलं जाईल तसा त्यांचा वाटा त्यांना मिळत राहील."

त्या क्षणी भागुजी कुठे होते ते मला माहीत होतं. घोडेगावात एका बंगल्याच्या परांचीवर प्लास्टर करत होते. फोन नंबर माझ्याकडे होता.

मी म्हणालो, "पारंपरिक आहे. आमच्या भागात म्हणतात."

"मग बरंच झालं," त्या म्हणाल्या, "काही कागदच नको."

एक शब्द. नोंदवहीत 'अज्ञात' लिहिताना ज्याचा हात अडखळायचा त्या माणसानं जिवंत माणसाला एका शब्दात पुसलं. का? तर नाव सांगितलं असतं तर कंपनीनं भागुजींकडून पूर्ण गाणं घेतलं असतं, आणि शेवटचं कडवं बाहेर आलं असतं. मी कंपनीकडून एक पैसाही घेतला नाही. पुढची कितीतरी वर्षं मी याच वाक्याला धरून बसलो – मी काही घेतलं नाही. पण देणं माझ्या हातात होतं, ते मी अडवलं. घेण्यापेक्षा ते कमी कसं?

काही महिन्यांनी भागुजी ग्रंथालयात आले. चपला दाराबाहेर काढून. मी कितीदा सांगितलं होतं, काढू नका, पण काढायचे. कुणाच्या तरी लग्नात त्यांनी आपलं गाणं स्पीकरवर ऐकलं होतं. चिडलेले नव्हते, उलट खुशीत होते.

"सर, लई गोड गायलंय त्या बाईनं. पर शेवटचं कडवं नाय त्यात. तुमचा फोन मधीच बंद पडला आसंल त्या दिवशी, न्हाई?"

पाहा, त्यांनी सबबसुद्धा माझ्यासाठी तयार करून आणली होती.

गाण्याखाली 'पारंपरिक' लिहिलंय हे त्यांच्या मुलीनं, सुजातानं, त्यांना वाचून दाखवलं होतं. तिनं कंपनीला पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं होतं की रचना तुमचीच आहे याचा जुना पुरावा द्या. म्हणून ते आले होते. "तुमच्याकं पुरतं रेकॉर्डिंग हाये का, सर? त्यात माझं नाव हाये नव्हं."

फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. रेकॉर्डिंग त्याच्यात होतं.

"पुसलं गेलं," मी म्हणालो.

"जाऊ द्या मग," ते म्हणाले. "तुमी तरी काय करणार." आणि जाताना मलाच म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका.

असं वाटेल की गोष्ट इथे संपली. तेवढीच असती तरी कदाचित मी लिहिली नसती. तेवढ्या खोट्याची मला सवय होऊन गेली होती.

पुढच्या वर्षी जुन्नरला एका संस्थेचा कार्यक्रम होता. भागुजींच्या पार्टीचं गायन, आणि मी पाहुणा. व्यासपीठावर, शाल पांघरून. श्रोत्यांनी त्याच गाण्याची फर्माईश केली. भागुजी मन लावून गायले. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव आलं तसा मागून एक तरुण ओरडला, "ओ बुवा, आवरा! पारंपरिक गाणं हाये ते, फोनमधी लिवलंय. तुमचं नाव कुठनं घुसवलं राव त्यात?"

लोक हसले. दुसरा म्हणाला, "उद्या म्हणतील शिवनेरी बी आमीच बांधलाय!"

पुन्हा हशा. भागुजीही हसले. हसतच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही मागत होते असं नाही. फक्त, ज्याला माहीत आहे त्याच्याकडे माणूस जसं पाहतो तसं. माझ्या पुढ्यात माइक होता. एक वाक्य पुरे होतं – हे गाणं यांचं आहे, मी साक्षीदार आहे. मी शालीची घडी नीट केली. ती नीटच होती.

त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि पुढचं गाणं सांगितलं. त्यानंतर ते गाणं कुणी मागितलं तर शेवटचं कडवं ते म्हणत नसत. आपल्याच गाण्यातून त्यांनी आपलं नाव काढून टाकलं. चोर ठरण्यापेक्षा बरं, असं वाटलं असेल? मी कधी विचारलं नाही.

दम लागायचा, तरी प्लास्टरच्या कामावर जात राहिले. मागच्या महिन्यात गेले.

आता ते कारण.

भागुजींची आई सोनाबाई आमच्या खाचरात कामाला होती. तिचं सगळं आयुष्य आमच्या आवणीत गेलं. गाण्यातला चिखल आमचा आहे. माझी आई त्यात कधी वाकली नाही, ती बांधावर छत्री घेऊन उभी असायची. मी मात्र त्या वाकलेल्या बाईचं गाणं बांधावरच्या बाईच्या फोटोंमागे लावलं. लोक लिहीत होते – धन्य ती माऊली, किती कष्ट काढले! मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत होतो. शेवटचं कडवं राहिलं असतं तर चुलत्यांना, आत्यांना, साऱ्या भावकीला पहिल्याच ऐकण्यात कळलं असतं की हे कुणाचं गाणं आहे आणि कुणाच्या शेतावर आहे. मला ते नको होतं. फोटो संपले नव्हते. चार शिल्लक होते.

पुण्यानुमोदनाला मी गेलो. वस्तीत मांडव होता. वंदना झाली, दोघे-तिघे बोलले. मग कुणीतरी स्पीकरवर ते गाणं लावलं, त्या गायिकेचं. मी कापलं तिथेच ते संपलं, आणि मांडवात सगळे पुढचं ऐकायला थांबल्यासारखे स्पीकरकडे पाहत राहिले.

सुजाता माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, बाबांना तुमचा लई आधार व्हता. शेवटचं कडवं तुम्हाला येतं का? आम्हाला अर्धंमुर्धंच आठवतंय. ते म्हणायचेच नाय नंतर. लिवून बी कुठं ठेवलं नाय."

मेलेल्या माणसाची भीती कसली होती मला? भावकीतले किती उरलेत आता? कुणापासून काय लपवायचं होतं? मला सांगता येत नाही. तोंड आपोआप उघडलं.

"नाही गं," मी म्हणालो. "आठवत नाही."

तिनं माझा हात हातात घेतला आणि मला जेवायला घरात बोलावलं. आतल्या खोलीत, पाटावर बसवलं.

रेकॉर्डिंग उद्या तिच्याकडे जाईल, सोबत या पानांची एक प्रत. त्यानं काही फिटत नाही, मला ठाऊक आहे. ती काय म्हणेल तेही मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

कडवं मला पाठ आहे. कापलं त्या दिवसापासून आहे.

नाव तिचं कुणी न्हाई लिवलं सातबाऱ्यावर,
भागू सोनाईचा म्हणे, लिवतो मी वाऱ्यावर.