व्याह्याचा खिळा

सारी-बुलाकच्या फाट्यावर एसेनकुलचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान कसलं, मालाचा जुना लोखंडी कंटेनर. दाराशी पाण्याचं घंगाळ, आत टायर उचकटायची टॉमी, कानस, सोल्यूशनचा डबा आणि काळी पडलेली किटली. गेली सव्वीस वर्षं तो या दारात बसून एकच शब्द बोलत आलाय. गिऱ्हाईक ट्यूब पुढे टाकतं, तो ती पाण्यात बुडवतो, बुडबुडे कुठून येतात ते बघतो आणि म्हणतो, "निघेल."

"बदला" हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. तुलेबाय मेंढपाळाच्या ट्यूबला इतकी ठिगळं होती की मूळ ट्यूब कोणती यावर पैजा लागायच्या, तीही एसेनकुलने निवृत्त होऊ दिली नाही. एकदा वरच्या कुरणात टायर उभं चिरलं आणि ठिगळाला जागाच उरली नाही, तेव्हा त्याने आत ठासून लोकर भरली आणि माणूस घरी पोचवला. पुढे आठवडाभर त्या माणसाचीच कुत्री चाकामागे भुंकत धावत होती, मेंढी समजून.

दुकानाच्या दारावर एक नवंकोरं टायर मात्र टांगलेलं आहे. विकायला नव्हे, पाटी म्हणून. कुणी विचारलंच तर एसेनकुल म्हणायचा, तुझं जुनं मेलं की दहाव्याला ये. असं करता करता टायर अकरा वर्षं लटकलं.

रस्त्याच्या पलीकडे सागिनाली नालबंद. तो घोड्यांना नाल ठोकतो, त्यातले दोन-चार खिळे रस्त्यावर सांडतात आणि तेच पुढे मोटरसायकलींच्या टायरांत घुसतात. दोघांची चूल एकाच खिळ्यावर पेटते, असं गाव म्हणतं. चार वर्षांपूर्वी एसेनकुलच्या मुलाने सागिनालीच्या लेकीशी लग्न केलं आणि शेजारी होते ते व्याही झाले. तेव्हापासून एसेनकुल टायरांतून काढलेले नालेचे खिळे एका डब्यात साठवतो आणि दर नवरोजला डब्याला लाल फीत बांधून रस्ता ओलांडतो. "घ्या व्याहीबुवा, घरचा आहेर." सागिनालीही तो दोन्ही हातांनी, मान लववून घेतो.

यंदा वसंतात मुलाला मुलगा झाला. मुलगा-सून घाटापलीकडे नारिनला राहतात. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायचा समारंभ शुक्रवारी दुपारी ठरला, आणि पाळणा आईच्या माहेरून यायचा असतो. दोघी विहिणी तीन दिवस आधीच मिनीबसने पुढे गेल्या होत्या, नवऱ्यांना सूचनांची यादी देऊन. पाळणा मागे राहिला, कारण तो सागिनालीच्या आजीच्या वेळचा, रंगीत लाकडाचा. तो मिनीबसच्या टपावर बांधू द्यायला सागिनाली तयार नव्हता. तो त्याच्या जुन्या उराल मोटरसायकलवरून जाणार होता. उरालला बाजूला जो बसायचा डबा असतो त्याला आमच्याकडे पाळणाच म्हणतात, त्यामुळे पाळण्यात पाळणा बसणार म्हणून गाव आठवडाभर हसत होतं. सागिनाली चालवणार, मागे एसेनकुल बसणार, असा बेत होता.

गुरुवारी दुपारी सागिनाली उराल ढकलत दुकानाशी आला. मागचं चाक बसलेलं. घोड्याला नाल मारायला वरच्या वस्तीत गेला होता आणि येताना गाडी जड का चालतेय याचा विचार न करता तीन कोस तसाच चालवत आला.

एसेनकुलने टॉमी घालून टायर उतरवलं. खिळा निघाला. नालेचाच, चपट्या डोक्याचा.

"आहेर लवकर आला," सागिनाली म्हणाला. "निघेल ना?"

"निघेल." तोंडून गेलंच. सव्वीस वर्षांची सवय, जीभ काही विचारून हलत नाही.

सागिनाली निर्धास्त झाला आणि पाळणा नीट बसतो का ते बघू म्हणून घरी गेला. एसेनकुलने टायरच्या आत हात घातला. खिळ्याचं भोक काहीच नव्हतं. पण हवा नसताना तीन कोस चालल्यामुळे टायरची कड आतून पार रगडली गेली होती, दोरे सुटले होते, वीतभर जागेत रबर नावालाच उरलं होतं. बोटांना कळायचं ते कळलं. तरी त्याने कानस मारली, सोल्यूशन लावलं, ट्यूबला ठिगळ, टायरला आतून जाड अस्तर. हवा भरली. चाक टणक उभं राहिलं. दुसरं कुणाचं असतं तर त्याने हात पुसले असते.

तेवढ्यात सागिनाली पाळणा घेऊन आला. जपून, कडेवर पोर घ्यावं तसा. बाजूच्या डब्यात तो अगदी मापात बसला. बाळाची शू खाली भांड्यात जावी म्हणून पाळण्यात लावायची छोटी लाकडी नळीही त्याने खिशातून काढून दाखवली. "ही एवढी एकच नळी तुम्ही ठिगळ न लावता सोडली आहे," तो म्हणाला.

एसेनकुलला हसू आलं नाही. त्याला डोलोन घाटाचा उतार दिसत होता. एका बाजूला दरी, आणि मागचं चाक फुटलं तर गाडी कुठल्या बाजूला जाते ते त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याला भीती वाटली.

"व्याहीबुवा, हे टायर बदलायला हवं."

"काय म्हणालात? हातोड्याने कान गेलेत माझे, परत म्हणा."

"बदलायला हवं."

सागिनाली खदखदून हसला. "सव्वीस वर्षं अख्ख्या डोंगराला ठिगळं लावलीत, आणि बदला म्हणायला व्याहीच सापडला? दारावरचं खपत नाही, ते माझ्या गळ्यात मारताय होय?"

हे लागलं. एसेनकुल स्टुलावर चढला आणि पाटीचं टायर खाली उतरवलं. म्हणाला, घ्या, आहेर समजा. दोघांनी ते दाबून बघितलं. अकरा उन्हाळे आणि अकरा बर्फं खाल्लेलं रबर वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यासारखं तडकलं आणि भुकटी त्यांच्या बुटांवर पडली. गावातलं एकमेव नवं टायर सगळ्यात म्हातारं निघालं. आता सागिनालीला हसू आवरेना. पुरे झालं म्हणाला, तुमचं ठिगळच बरं, उद्या उजाडताच निघू.

एसेनकुल मात्र उभाच राहिला. एक चांगलं टायर होतं. कंटेनरमागे ताडपत्रीखाली त्याची स्वतःची उराल उभी होती, इंजिन दुरुस्तीसाठी खोललेलं, आणि त्या उरालचं असं एक गुपित होतं जे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. एसेनकुल स्वतःच्या गाडीला ठिगळ लावत नसे. तो जन्माचा भित्रा. दर दोन-तीन वर्षांनी तो औषधाचं निमित्त काढून कोच्कोरला जायचा, नवी टायरं घालून घ्यायचा आणि गावाबाहेर थांबून त्यांना चिखल फासायचा. दिव्याखाली अंधार तो असा. हे बाहेर फुटलं तर सव्वीस वर्षांचं नाव एका दुपारीत जाणार होतं, आणि ते नेमकं सागिनालीच्या हाती लागणार होतं, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

त्याने पाळण्याकडे पाहिलं. मग मागे गेला, ताडपत्री ओढली आणि मागचं चाक खोलून घरंगळत पुढे आणलं. उरालला एकाचं चाक दुसऱ्याला चालतं.

सागिनालीने सवयीने चाकावरून हात फिरवला. वाळलेला चिखल गळून पडला. खाली नव्या रबराची बारीक लव अजून शाबूत होती. त्याने ती नखाने मोडून पाहिली, एसेनकुलकडे पाहिलं, आणि एसेनकुल जमिनीकडे पाहू लागला. आता टोमणा येणार म्हणून त्याने खांदे आवळले.

टोमणा आला नाही.

"चार वर्षांपूर्वी," सागिनाली म्हणाला, "माझी लेक नवरी होऊन तुमच्याच गाडीतून घाट उतरली. तुम्ही दिसेनासे झालात तरी मी इथेच उभा होतो. म्हटलं, या ठिगळवाल्याच्या चाकांवर पोर घातली मी. पोचल्याचा फोन येईपर्यंत घशाखाली पाणी उतरलं नाही. तुम्हाला कधी बोललो नाही, वाईट दिसलं असतं."

"त्या दिवशीही नवीच होती," एसेनकुल हळूच म्हणाला. "तिन्ही चाकं. आदल्या आठवड्यात कोच्कोरहून आणली होती."

सागिनालीने तोंड फिरवलं आणि बाहीने नाक पुसलं. मग तो घोड्याच्या पोटाखाली बसतो तसा उकिडवा बसला आणि चाकाचा बोल्ट आवळायला लागला. बराच वेळ दोघे नुसते आवळत होते, गरजेपेक्षा जास्तच. शेवटी एसेनकुलने विचारलं की हे गावात सांगणार का. सागिनाली म्हणाला, आजोबा माणसाची अब्रू मी काढत नाही, पण तुम्ही खोटंच "निघेल" म्हणालात की मला राहवणार नाही, ऐरणीवर दोन ठोके मारीन.

शुक्रवारी पाळणा वेळेवर पोचला. घाटात चाकाने हूं की चूं केलं नाही. बाळाला आत निजवलं, दोन्ही आज्यांनी गाणं म्हटलं, आणि बाळाने लगेच नळीची परीक्षा घेतली. ती कुठेही गळली नाही. सागिनालीने तो चपटा खिळा पाळण्याच्या गादीखाली, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेल्या सुरीशेजारी सरकवला. त्या वर्षीच्या डब्यात एक खिळा कमी भरला.

सोमवारी दुकानाशी एक अनोळखी माणूस आला. मागचं टायर कडेला फुगलेलं. एसेनकुलने हात फिरवला, तोंड उघडलं, "निघे—" आणि रस्त्यापलीकडे ऐरणीवर दोन ठोके पडले.

एसेनकुल थांबला. सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाला कधी न विचारलेली गोष्ट त्याने विचारली.

"जायचंय कुठे?"

"घाटापलीकडे. बायको आहे बरोबर, चहा घेतेय तिथे."

"मग बदला," एसेनकुल म्हणाला. "माझ्याकडे नाहीये. कोच्कोरच्या बाजारात मिळेल, दुकान मी सांगतो."

पलीकडचा हातोडा गप्प होता.