'लवकरच'मधला 'च'

आमच्या छोट्या कंपनीचा व्हिडिओ गेम अजून अर्धाच झालाय, पण जाहिरातीची वेळ आली आहे. तिचा मजकूर माझ्याकडे. मी लिहिलं, 'लवकरच येत आहे. या गावातलं प्रत्येक दार उघडेल.' गेम बनवणारी केतकी शेजारी येऊन बसली. तिनं 'गावातलं प्रत्येक दार उघडेल' खोडून 'गावातली नऊ दारं उघडतील' असं केलं; गेममध्ये खरंच उघडणारी तेवढीच होती. मग कर्सर 'लवकरच'च्या शेवटी नेऊन फक्त 'च' पुसला.

"एका अक्षरानं काय बिघडतं?" मी विचारलं.

"'लवकर' म्हटलं की लोक वाट बघतात. 'लवकरच' म्हटलं की दिवस मोजतात. मागच्या गेमच्या वेळी मोजले होते. नंतरच्या शिव्या मी वाचल्या, तू नाही."

हा 'च' आपण किती सहज लावतो. निघालोच, पोचतोच, करतोच. 'निघालोच' म्हणणारा बहुतेक वेळा अजून टॉवेल गुंडाळून उभा असतो. ओळखीच्यांत हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून भागतं. अनोळखी माणूस मात्र तो 'च' खरा धरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. रविवारी येतोस का, म्हणाली. 'येतोच' अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "बहुतेक येईन. शनिवारी नक्की सांगतो."

 आई म्हणाली, "'येतोच' म्हणाला नाहीस. म्हणजे या वेळी तुला जेवायला धरते."