गंजासुराचा आवाज

हेमंत गेल्याची बातमी मला एका भांडणाच्या मधोमध मिळाली. मी माणिकपूरला रिक्षाच्या रांगेत उभा होतो, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि ‘मेघवीर’च्या वाचकांच्या ग्रुपवर नेहमीची हाणामारी चालू होती. ‘मेघवीर’ हे मराठी चित्रकथांचं मासिक. ढगांतून उतरणारा, निळ्या शेल्याचा एक महावीर त्यात आहे. मराठीत असं काही निघतं हे पुष्कळांच्या गावीही नसतं, पण जे वाचतात ते भाऊबंदकीत भांडावं तसे भांडतात. त्या सकाळी वाद होता गंजासुराचा. या खलनायकाला शेवटच्या भागात मारावं की सोडावं? तेवढ्यात फ्रान्सिसचा संदेश आला, ‘आपला हेमंत पहाटे गेला. दुपारी उमेळ्याला या.’ आणि त्याच्याखाली लगेच, आधीपासून टाइप करत बसलेल्या कुणाचा तरी, ‘एकदाचं मारूनच टाका त्याला.’ क्षणात तो पुसला गेला. संदेश हटवल्याची फिकट ओळ तेवढी मागे राहिली. रिक्षावाला ओरडत होता, “काका, बसायचंय का नाय? मागे लाइन लागलीय.” मी बसलो, उतरलो, पुन्हा बसलो. त्याला काही आठवडे झाले, पण माझं बसणं-उठणं अजून थांबलेलं नाही. हे लिहितानाही तेच चाललंय...

हेमंत उमेळ्याचा, खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातला. माझे वडील कोकणातून नोकरीसाठी आले आणि माणिकपूरला भाड्याच्या खोलीत राहिले. फ्रान्सिस आमच्याच वर्गातला. तिघांत मिळून ‘मेघवीर’चा एक अंक यायचा आणि तो आधी कुणी वाचायचा यावरून इतकी डोकेफोड व्हायची की शेवटी तो मोठ्याने, तिघांनी एकत्रच वाचायचा असं ठरलं. जागा हेमंतच्या घराचा ओटा, समोर चिकूचं झाड. अंक माझ्या वडिलांनी आणलेला असायचा, म्हणून मेघवीराचा आवाज माझा. लोकशाही वगैरे गोष्टी आम्हांला पुढे नागरिकशास्त्रात कळल्या. फ्रान्सिस तेव्हाही चर्चमध्ये मिस्साच्या वेळी शास्त्रवाचन करायचा, त्यामुळे चौकोनातली निवेदनं त्याच्याकडे, आणि “इकडे नगरात हाहाकार माजला होता” हेसुद्धा तो असं वाचायचा की उठून उभं राहावंसं वाटे. उरले ते सगळे दुष्ट हेमंतच्या वाट्याला आले. त्याचा आवाज मुळातच घोगरा. तो गंजासुराचं हसू हसला की चिकूवरचे कावळे उडायचे आणि आतून त्याची आई ओरडायची, “कोन मेलं रे?”

एक नियम आपोआप पडला. फ्रान्सिसला गालगुंड झालं होतं, तो येऊन बसायचा पण बोलायचा नाही, आणि त्याची निवेदनं मी वाचायला गेलो तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून ठरलं की ज्याचं पात्र त्याचा आवाज. तो नसला, तर त्या पात्राच्या संवादाच्या फुग्यापाशी सगळ्यांनी थांबायचं, मनात वाचायचं आणि पुढे जायचं. लग्नं झाली, मी आचोळ्याला फ्लॅट घेतला, मधली कित्येक वर्षं मासिकच बंद होतं. मग नव्या, तरुण मंडळींनी ते पुन्हा सुरू केलं आणि आम्ही टक्कल पडलेले तीन बाप्ये पुन्हा त्याच ओट्यावर जाऊन बसलो. नियम तोच राहिला.

गंजासुर ज्या लोखंडाला हात लावतो ते गंजून भुगा होतं. हेमंतला हा खलनायक म्हणजे घरचा माणूस वाटायचा. “हा आपल्याच बाजूचा आहे,” तो म्हणायचा, “खाडीवरचा. उमेळ्यात कुठलं ग्रिल टिकतं सांग?” त्याचं स्वतःचं ग्रिलचं, गेटचं वर्कशॉप होतं. बागा तुटून बिल्डिंगी उभ्या राहिल्या तसा धंदा वाढला, आणि खारं वारं दर दोन-चार वर्षांनी जुनं गिऱ्हाईक परत आणून द्यायचं. “मेघवीराने माझं काय भलं केलंय? माझं घर गंजासुर चालवतो,” असं तो गिऱ्हाइकासमोरही बिनदिक्कत म्हणायचा. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसा ओट्यावरच्या त्याच्या स्वतःच्या लोखंडी खुर्च्यांना कधी ब्रश लागला नाही. तिथे बसलं की कपड्यांवर तांबूस पट्टे उठायचे. माझी बायको दरवेळी लिंबू-मीठ चोळून ते काढायची आणि हेमंतच्या नावाने बोटं मोडायची. त्याला सांगितलं की तो खूश. “गंजासुराची सही आहे ती. जपून ठेव.”

मग त्याचा आवाज बसला. आता हे लिहायला नको वाटतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आवाज बसला याचा हेमंतला आनंद झाला. आणि आम्हांलाही! गंजासुर असा कधी लागलाच नव्हता. खोल, खरखरीत, विहिरीत बादली आपटावी तसा. फ्रान्सिसने तर टाळ्या वाजवल्या होत्या. कल्पना वहिनी, म्हणजे हेमंतची बायको, रोज मागे लागायच्या, “डॉक्टरला दाखवा, हे बरं लक्षन नाय,” आणि हा म्हणायचा, “अगं, चाळीस वर्षांच्या रियाजाने कमावलाय, औषध घेऊन घालवू?” दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं असतं? माणूस घसा बसला की हळदीचं दूध घेतो, वाफ घेतो, घाबरतो. आमच्याकडे त्याचं कौतुक झालं. डॉक्टरांकडे गेला तेव्हा गाठ बरीच वाढलेली होती. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक, त्यातून श्वास, त्यावर पांढरं फडकं.

ऑपरेशननंतर तो ओट्यावर पहिल्यांदा येऊन बसला, तेव्हा आम्ही नियम पाळला. त्याचा फुगा आला की थांबायचं. तो मनात वाचायचा आणि वाचून झालं की अंगठीने खुर्चीच्या हातावर वाजवायचा, ठक. मग आम्ही पुढे. आणि नेमका याच सुमाराला मासिकाने ‘खलपर्व’ सुरू केलं!... दैवाला विनोदबुद्धी असते असं म्हणतात. मला ती कधीच आवडलेली नाही. जन्मभर हेमंतच्या वाट्याला काय आलं होतं? हसू, एखादी धमकी, आणि शेवटच्या पानावर “आऽऽऽ”. आता पानंच्या पानं गंजासुर बोलत होता. मेघवीर कुठेतरी नाहीसा झालाय, लढायला कुणी नाही, म्हणून हे सगळे दुष्ट आपापल्या घरी परततात, अशी ती कथा. गंजासुर गावी जातो. तिथे आईच्या दाराची कडी त्याला हाताने काढता येत नाही. फडक्यात धरून काढावी लागते. हातपंपाला हात लावला तर गाव तहानेने मरेल, म्हणून तो उन्हात नुसता उभा राहतो. एवढं बोलणं समोर, आणि हेमंतकडे फक्त ठक.

त्याने मग घशाला लावायचं ते यंत्र घेतलं. जबड्याखाली टेकवून बटण दाबलं की ओठांची हालचाल आवाजात उतरते, पण आवाज सपाट, भुंग्यासारखा. महिनाभर तो वर्कशॉपमध्ये, ग्राइंडर बंद करून, सराव करत होता. हसणं यायचंच नाही. शेवटी त्यानेच युक्ती काढली. बटण दाबायचं-सोडायचं, दाबायचं-सोडायचं. ह. ह. ह. ते ऐकून मला हसावं की काय करावं कळेना. तो मात्र शाळेतल्यासारखा चेकाळला होता. “मेघ्या,” मला तो कायम याच नावाने हाक मारायचा, “शेवटचा भाग मी वाचणार. पूर्ण. मग काय व्हायचं ते होऊ दे.” आजार पुन्हा पसरलाय हे त्याला तेव्हा कळलेलं होतं. त्याला तेवढंच हवं होतं.

पण शेवटचा भाग निघेल की नाही याचीच शाश्वती नव्हती. वाचक खवळले होते. ‘खलनायकाला आई कशाला?’ ‘आम्ही वर्गणी मेघवीराची भरली, रडगाण्याची नाही.’ सांगलीचे एक गृहस्थ सगळ्यांत पुढे, त्यांनी वर्गण्या बंद करायची मोहीमच काढली. शेवटी मासिकाने एका रविवारी दुपारी ऑनलाइन सभा घेतली. आम्ही ओट्यावर, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, हेमंत मुद्दाम सावलीत, गळा न दिसता फक्त चेहरा दिसेल असा. त्याची पाळी आली. त्याने यंत्र टेकवलं आणि म्हणाला, “गंजासुराची गोष्ट अर्धवट सोडू नका.” पलीकडे हसणं, टाळ्या. काय आवाज काढलाय! सॉफ्टवेअर कुठलं? सांगलीकर तेवढे भडकले. “नाटकं पुरे झाली. माणसासारखं बोला.” मी फोनकडे झेपावलो. हेमंतने माझा दंड घट्ट धरला, लोखंड वाकवणारा हात तो. आणि शांतपणे यंत्रातून बोलला, “माणसासारखंच बोलतोय. ऐकणाऱ्याने ठरवायचं.” मग बटण दाबत-सोडत हसला. ह. ह. ह. सभेत सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. ती कथा लिहिणारी तरुण मुलगी सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “शेवटचा भाग ठरल्याप्रमाणेच येईल.”

“सांगू दे ना मला त्यांना खरं काय ते!” मी नंतर चडफडलो. हेमंतने मान हलवली. “कळलं असतं तर दया आली असती. दयेने गोष्ट चालू ठेवली असती त्यांनी. आता हसून ठेवलीय. गंजासुराला तेच शोभतं.” मला हे तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही.

तो गेल्यावर ग्रुपवर त्या आवाजाचं खरं कारण उघड झालं. सांगलीकरांचा फोन आला. तो पुसलेला संदेश त्यांचाच.  म्हणाले, “मला काय ठाऊक हो... मला वाटलं, सोंग आहे.” मनात कितीतरी धारदार वाक्यं रचून ठेवली होती मी. पण खऱ्या आवाजाला सोंग समजून टाळ्या आम्हीही वाजवल्या होत्या, त्याच ओट्यावर, त्यांच्या कितीतरी आधी. मी म्हटलं, “अंक येतोय. वाचा.” आणि फोन ठेवला.

अंक तेराव्यानंतर आला. फ्रान्सिस आणि मी उमेळ्याला गेलो. हेमंतची खुर्ची जागच्या जागी होती. मी समोरच्या खुर्चीवर बसलो. कल्पना वहिनींना या चित्रांच्या पुस्तकांचा जन्मभर तिटकारा, तरी त्या बाहेर आल्या आणि हेमंतच्या खुर्चीत बसल्या. पाणी पुढे केलं. “भाऊजी, मी आवाज काढनार नाय. नुसती बसते.” फ्रान्सिसने पहिलं निवेदन वाचलं. मग गंजासुराचा पानभर फुगा. नियमाप्रमाणे आम्ही मनात वाचलं, थांबलो, आणि मी पान उलटायला हात पुढे केला.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या, “माझं अजून व्हायचंय.”

त्या बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होत्या. वाचून झालं. आणि त्यांनी बांगडीने खुर्चीच्या हातावर वाजवलं, ठक. फ्रान्सिसने चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसत राहिला. मग आम्ही पुढे गेलो. संपूर्ण अंक असा झाला, फ्रान्सिसचा एखादा चौकोन, मग शांतता, मग ठक. एका पानावर गंजासुर हसतो. आजवर ते हसू जाड, सलग अक्षरांत यायचं. इथे अक्षरं सुटी होती. ह. ह. ह. त्या मुलीने सभेत ऐकलेलं लक्षात ठेवलं की योगायोग, मी विचारलेलं नाही. विचारावंसं वाटतं, आणि भीतीही वाटते.

शेवटच्या पानावर मेघवीर येतो. सगळ्या खलपर्वात त्याला एकच वाक्य आहे, त्यावरून ग्रुपवर पुन्हा रण पेटलंय, पेटू दे. आईचं घर रिकामं आहे, दाराची कडी फडक्यासकट लटकते आहे, आणि तो उंबऱ्यात उभा राहून हाक मारतो. ते वाक्य माझं होतं. ते दुसऱ्या कुणी वाचायचं नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी उठलो, ओट्याच्या कडेपर्यंत गेलो, परत आलो, बसलो, आणि वाचलं.

“गंजासुरा, कुठे आहेस तू?”

त्याच्यापुढे पान कोरं आहे. तरी मी सवयीने चिकूकडे बघितलं, कावळे उडायची वाट बघत. कुणीच काही वाजवलं नाही.

घरी आलो तर बायको म्हणाली, “मागे बघा, पांढऱ्या शर्टाची काय दशा केलीत.” पाठीवर आडवे दोन तांबूस पट्टे. या वेळी तिने कुणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत. लिंबू कापलं, मीठ चोळलं आणि शर्ट बादलीत घातला. तेव्हापासून मी लिहायला बसतो, अर्ध्या ओळीवर उठतो आणि मोरीत जाऊन बघतो. पट्टे फिकट झालेत. अगदी गेले नाहीत अजून... आताही मी उठून जाणार आहे, आणि तो शर्ट बाहेर काढणार आहे.